रोग उंदराचा, डाग माणसाच्या माथी

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात गॅलप नावाचे एक लहान शहर आहे. त्याच्या आसपास नवाहो या आदिवासी समाजाची मोठी वस्ती आहे. १९९३ सालच्या मे महिन्यात या समाजातला एक तरुण आपल्या नियोजित वधूच्या अंत्यविधीला निघाला होता. ती काही दिवसांपूर्वीच अचानक श्वास कोंडून मरण पावली होती. हा तरुण धावपटू होता, अंगापिंडाने ठणठणीत होता. वाटेतच त्याला दम लागला. इस्पितळात पोहोचेपर्यंत त्याची फुप्फुसे पाण्याने भरली होती. डॉक्टरांनी शिकस्त केली, पण तो वाचला नाही. ज्या घरातून एक अंत्ययात्रा निघायची होती, तिथे दुसरी तयार झाली.

आदिवासींसाठीच्या सरकारी आरोग्य सेवेतील डॉक्टर ब्रूस टेम्पेस्ट यांनी आसपासच्या इस्पितळांना फोन लावले. अशाच रीतीने तरुण आणि धडधाकट माणसे दगावल्याचे त्यांना कळले. आधी ताप, अंगदुखी, पाठ-मांड्यांत कळा. चार-पाच दिवस साध्या फ्लूसारखे वाटावे असे दुखणे. आणि मग काही तासांत फुप्फुसात पाणी. लहान मुले आणि म्हातारे नव्हे, तर ऐन उमेदीतली माणसे बळी जात होती. या गोष्टीचे कारण पुढे पाहू. आधी माणसांनी माणसांशी काय केले ते पाहू.

रोगाचे कारण कळण्याआधीच त्याचे बारसे झाले. वर्तमानपत्रांनी त्याला 'नवाहो फ्लू' म्हटले. विषाणू सापडायचा होता, पण आरोपी सापडला होता! नवाहो माणसाला खाणावळीत वाढताना वाढपी हातमोजे घालू लागले. लॉस एंजेलिसच्या एका शाळेने नवाहो शाळकरी मुलांना भेटीचे आमंत्रण दिले होते, ते मागे घेतले. कॅमेरे घेऊन पत्रकार सुतकाच्या घरात शिरले. नवाहो रीतीप्रमाणे मृत्यूनंतरचे चार दिवस शोकाचे असतात, त्या काळात मृताचे नाव घेत नाहीत. पत्रकारांनी नेमकी तीच नावे छापली, तेच फोटो लावले.

वाचकहो, ही कहाणी आम्हाला परकी वाटली नाही. तिसऱ्या वर्गातले एखादे पोर, ज्याला ना ताप ना खोकला, ते केवळ जन्माने नवाहो म्हणून शाळेच्या दारातून परत पाठवले जाते. या प्रकाराला इंग्रजीत काय म्हणत असतील ते म्हणोत. आम्ही त्याला विटाळ म्हणतो. आमच्या आज्या-पणज्यांनी तो भोगला आहे. हजारो कोस दूर, ज्या देशात मनुस्मृती कोणी वाचलेली नाही, तिथेही तो उगवू शकतो. कारण विटाळाला पोथी लागतेच असे नाही. एक दुबळा समाज लागतो आणि त्याच्याकडे बोट दाखवायला सोकावलेले हात लागतात.

आता विज्ञानाने काय शोधले ते पाहू. अटलांटा येथील अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने रुग्णांचे रक्त तपासले. त्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने शत्रूविरुद्ध तयार केलेली शस्त्रे, एका ओळखीच्या विषाणूकुळाशी जुळली. ते कूळ होते हंता विषाणूंचे. जून १९९३ उजाडताच, म्हणजे पहिल्या मृत्यूंची चौकशी सुरू झाल्यापासून काही आठवड्यांतच, हा धागा हाती आला. मग घरांच्या आसपास पिंजरे लावून उंदीर धरण्यात आले. पाठ तपकिरी, पोट पांढरे, कान मोठे असा तिथला एक रानउंदीर आहे, त्याला डीअर माऊस म्हणतात. धरलेल्या अशा उंदरांपैकी सुमारे तीस टक्क्यांच्या अंगात हा विषाणू फिरल्याच्या खुणा सापडल्या. रुग्णाच्या फुप्फुसातला विषाणू आणि त्याच्या घराजवळच्या उंदरातला विषाणू एकच निघाला. उंदराच्या लघवीतून, लेंडीतून, लाळेतून तो बाहेर पडतो. ही घाण वाळते, झाडू मारताना तिची धूळ उडते आणि ती धूळ माणूस श्वासाबरोबर आत घेतो. गुन्हा एवढाच की त्याने आपले घर झाडले!

पण त्याच वर्षी का? याचे उत्तर नवाहो समाजातल्या वडीलधाऱ्यांकडे आधीपासून होते. त्यांनी सांगितले की ज्या वर्षी पाऊस आणि बर्फ फार होतो, त्या वर्षी पिन्यॉन झाडाच्या बिया भरघोस येतात. या बिया म्हणजे आपल्याकडच्या चिलगोज्याचे भाऊबंद. बिया वाढल्या की उंदीर वाढतात आणि उंदीर वाढले की माणसे मरतात. उंदराला घराबाहेर ठेवा, त्याचा स्पर्श अन्नाला आणि कपड्याला होऊ देऊ नका, झालाच तर तो कपडा जाळा, ही त्यांची जुनी शिकवण. परिसरशास्त्रज्ञांनी आकडे काढले तेव्हा १९९२ च्या मे महिन्यापासून १९९३ च्या मे महिन्यापर्यंत उंदरांची संख्या दसपटीने वाढल्याचे दिसले. एल निनोच्या प्रभावाने झालेला पाऊस हे त्याचे मूळ. ज्यांना रोगाचे घर ठरवले, त्यांच्याच घरात रोगाचे ज्ञान होते. विचारणारे उशिरा आले एवढेच.

नावाचा वाद तर त्याहून बोलका आहे. विषाणूला आधी त्या परिसरावरून 'फोर कॉर्नर्स' म्हणावे असे ठरत होते, त्याला स्थानिकांनी हरकत घेतली. मग एका दरीच्या नावावरून 'मुएर्तो कॅन्यन' हे नाव पुढे आले. त्याच नावाच्या दरीत १८०५ साली स्पॅनिश सैन्याने नवाहो बायका-मुलांची आणि म्हाताऱ्यांची कत्तल केली होती. ज्या जागेने आमचे पूर्वज गिळले, तिचे नाव आमच्या माथी मारलेल्या रोगाला देता? नवाहो समाजाने विरोध केला. शेवटी स्पॅनिश भाषेतले 'सिन नोंब्रे' हे नाव कायम झाले. त्याचा अर्थ 'बिननावाचा'. विज्ञानालाही माघार घ्यावी लागते, जेव्हा माणसे आपल्या सन्मानासाठी उभी राहतात.

आता त्या आधी सोडलेल्या प्रश्नाकडे येऊ. हा विषाणू तरण्याताठ्या माणसाला का मारतो? उत्तर आपल्या प्रतिकारशक्तीच्या वागण्यात दडलेले आहे. ते समजून घेतले पाहिजे, कारण 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून चूर्ण आणि काढे विकणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही.

हंता विषाणू फुप्फुसात शिरतो आणि बारीक केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत घर करतो. पेशीच्या पृष्ठभागावरची काही प्रथिने त्याला दाराच्या कडीसारखी उपयोगी पडतात. अमेरिका खंडातल्या हंता विषाणूंना लागणारी अशी एक महत्त्वाची कडी २०१८ साली सापडली. शास्त्रज्ञ तिला प्रोटोकॅडहेरिन-१ म्हणतात. एकदा आत शिरल्यावर बरेच विषाणू पेशी फोडून टाकतात. हा तसे करत नाही. अस्तराची पेशी जिवंतच राहते आणि तिच्या आत विषाणूच्या प्रती निघत राहतात.

पेशीत शत्रू शिरला की ती इंटरफेरॉन नावाची हाळी देते, शेजारच्या पेशी सावध होतात. रोगकारक हंता विषाणू पहिल्या तासांत ही हाळीच दाबून धरतो. पहारेकऱ्याचे तोंड दाबले की चोराला वेळ मिळतो, तसे हे. एवढेच नाही, तर संसर्ग झालेल्या पेशीला मारायला टी पेशी आल्या, तर त्यांच्या हत्याराची धार बोथट करण्याची युक्तीही त्याच्याकडे आहे. म्हणून आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त काळ माणसाला काही कळत नाही.

मग गावाला उशिरा जाग येते आणि सगळे गाव एकदम धावून येते. टी पेशी आणि इतर पांढऱ्या पेशी फुप्फुसात गर्दी करतात. सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप मोठ्या प्रमाणात सुटतात. या निरोपांचे एक काम म्हणजे केशवाहिनीची भिंत सैल करणे, जेणेकरून सैन्य बाहेर पडून लढू शकेल. त्यातच विषाणूने आधीच त्या भिंतीच्या पेशींचे सांधे ढिले करून ठेवलेले असतात. रक्तातल्या रक्तबिंबिका घटतात. परिणाम काय होतो? नवा माठ फुटत नाही, पण पाझरतो, तशी केशवाहिनी फुटत नाही, पाझरते. रक्तातला पाण्याचा भाग फुप्फुसाच्या कप्प्यांत उतरतो. माणूस कोरड्या जमिनीवर, आपल्या खाटेवर, आपल्याच रक्ताच्या पाण्यात बुडतो. ज्याची प्रतिकारशक्ती जोमदार, त्याच्याकडून होणारा हल्लाही जोमदार. तरणीताठी माणसे का दगावली, याचा एक मोठा धागा इथे आहे.

मात्र सगळा दोष प्रतिकारशक्तीच्या माथी मारणेही चूक ठरेल. प्रयोगशाळेत हॅमस्टर या प्राण्यांच्या टी पेशी काढून टाकून पाहिले, तरी त्यांना हंता विषाणूचा आजार झालाच. म्हणजे विषाणूचा स्वतःचा हातही त्यात आहे. शिवाय इस्पितळात येतानाच ज्यांच्या रक्तात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे भरपूर आढळली, त्यांचा आजार सौम्य राहिल्याचे दिसले आहे. तेव्हा प्रश्न प्रतिकारशक्ती जास्त की कमी हा नाही. ती वेळेवर जागी होते का आणि नेमक्या शत्रूवर जाते का, हा आहे. कोणत्याही काढ्याच्या बाटलीवर याचे उत्तर छापलेले नसते.

हा धडा विज्ञानाला आधी उंदराच्याच दुसऱ्या एका विषाणूने शिकवला होता. त्याचे लघुनाव एलसीएमव्ही. प्रौढ उंदराच्या मेंदूत तो टोचला तर उंदीर मरतो. पण जन्मतःच संसर्ग झालेला उंदीर तो विषाणू आयुष्यभर अंगावर बाळगतो आणि लगेच मरत नाही. फरक विषाणूत नव्हता, टी पेशींच्या हल्ल्यात होता. याच विषाणूवर काम करताना १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी टी पेशी संसर्ग झालेली पेशी नेमकी कशी ओळखते ते उलगडले. १९९६ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठी मिळाले.

मग डीअर माऊस स्वतः आजारी का पडत नाही? कारण त्याच्या शरीराने या विषाणूशी फार जुना समेट केलेला आहे. त्याच्या अंगात हल्ला आवरणाऱ्या नियामक टी पेशी पुढाकार घेतात. विषाणू मरत नाही, पण दाह माजत नाही. उंदीर जन्मभर विषाणू वाहतो, एकमेकांना चावून-ओरबाडून पसरवतो आणि धडधाकट राहतो. माणसाचे शरीर या पाहुण्याला ओळखत नाही, म्हणून ते घर पेटवून घेते.

हा विषाणू अमेरिकेतही नवा नव्हता. जपून ठेवलेले जुने नमुने तपासल्यावर १९५९ साली यूटा राज्यातल्या एका माणसाला तो झाल्याचे दिसले. आणि हंता हे नाव तर कोरियाचे. १९५०च्या दशकातल्या कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांहून अधिक सैनिकांना ताप, रक्तस्राव आणि मूत्रपिंडे निकामी होणे असा आजार झाला. जगातल्या बलाढ्य सैन्याचे डॉक्टर कारण शोधून थकले. १९७६ साली हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञाने ते शोधले. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे घेऊन त्यांनी रानउंदरांच्या फुप्फुसात शत्रू हुडकला. हंतान नदीच्या परिसरातला म्हणून तो हंतान विषाणू. वाचलेल्या माणसांच्या रक्तानेच मारेकऱ्याची ओळख पटवली.

आता आपल्या घराकडे येऊ. हो वांग ली यांच्या शोधाच्याही आधी, १९६४ साली तमिळनाडूत वेल्लोर येथे एका चिचुंद्रीच्या शरीरातून एक विषाणू वेगळा काढण्यात आला होता. तिथल्या वस्तीच्या नावावरून त्याला तोट्टपाळयम विषाणू म्हणतात. तो हंता कुळातला आहे हे पुढे उमगले. चिचुंद्री ही उंदीर नव्हे, पण विषाणूचे हे कूळ आपल्या मातीत आहे याचा तो पुरावा होता. नंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या माणसांचे रक्त तपासले, तेव्हा काहींच्या रक्तात हंता विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्यांनी कोणाचे रक्त मुद्दाम तपासले ते ध्यानात घ्या. गोदामात राबणारे कामगार आणि उंदीर धरणारे इरुळा आदिवासी!

ही निवड बरोबरच होती. कारण या देशात उंदराजवळ कोणी राहायचे हे जातीने ठरवून ठेवले आहे. बिहारमधल्या एका समाजाचे नावच मुसहर. उंदीर खाणारे म्हणून त्यांना हिणवले गेले. भूक त्यांची आणि टिंगल गावाची. त्याच समाजातले जीतनराम मांझी २०१४ साली बिहारचे मुख्यमंत्री झाले, तरी त्या टोल्यांमधली गरिबी संपली नाही. मुंबईत महापालिकेचे मूषक संहारक रात्रीच्या अंधारात बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात. बाजार समितीतला हमाल, रेशनच्या गोदामातला मजूर, गटारात उतरवला जाणारा सफाई कामगार, हे सगळे उंदराच्या लघवीच्या संगतीत भाकरी कमावतात. लेप्टोस्पायरोसिस हा विषाणूचा नव्हे, जिवाणूचा रोग, पण त्याचीही वाट उंदराच्या लघवीतूनच जाते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो भोगला. प्लेगही जिवाणूचाच. १८९७ सालच्या पुण्याच्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच साथीत १० मार्चला त्यांचा अंत झाला. रोग्याला हात लावावा की त्याच्यापासून हात झटकावा, याचे उत्तर आमच्याकडे तेव्हापासून दिलेले आहे.

आता नवाहोंचे काय झाले? अमेरिकेत या रोगाच्या नोंदी १९९३ पासून ठेवल्या जातात. २०२३ अखेर त्या नऊशेच्या जवळ पोहोचल्या होत्या, आणि साधारण तीनातला एक रुग्ण दगावला. त्यांतले बहुसंख्य रुग्ण गोरे आहेत. तरी कोणी त्याला 'गोऱ्यांचा फ्लू' म्हटल्याचे आम्ही वाचले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहरात, प्रसिद्ध अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा या रोगाने मरण पावल्या. घराच्या आवारातल्या इमारतींत उंदरांच्या खुणा सापडल्या. मृत्यू दुःखद होता, जगाने हळहळ व्यक्त केली, आणि ते योग्यच झाले. पण त्या श्रीमंत वस्तीतल्या मुलांना कोणत्याही शाळेने दारातून परत पाठवले असे ऐकिवात नाही. विषाणू तोच, उंदीर तोच, राज्यही तेच. बदलला तो फक्त मरणाऱ्याचा पत्ता.

आणि दुसरीकडे पाहा. २०२० साली कोविड आला, तेव्हा नवाहो प्रदेशातले संसर्गाचे प्रमाण काही काळ अमेरिकेतल्या सर्वाधिक प्रमाणांत गणले गेले. तिथल्या सुमारे तीस टक्के घरांत नळाचे पाणी नव्हते. हात धुवा म्हणणारे सरकार हात धुवायला पाणी देत नव्हते. पाण्यासाठी महाडचा सत्याग्रह करावा लागलेल्या समाजाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या रोगावर खात्रीचे औषध आजही नाही. कोरियात १९९० पासून तिथल्या विषाणूवर लस आहे, अमेरिकेतल्या विषाणूवर नाही. वेळेत अतिदक्षता विभाग गाठला, शरीराबाहेरच्या यंत्राने रक्ताला प्राणवायू पुरवला, तर अनेक जण वाचतात. म्हणजे जगणे-मरणे विषाणूइतकेच इस्पितळाच्या अंतरावर ठरते. हा रोग बहुतेक ठिकाणी माणसापासून माणसाला होत नाही. दक्षिण अमेरिकेतला अँडीज विषाणू हा त्याला अपवाद. अर्जेंटिनातल्या एपुयेन गावात २०१८-१९ मध्ये त्याने ३४ जणांना गाठले आणि ११ बळी घेतले. सिन नोंब्रे विषाणू मात्र नवाहो पोराच्या शेजारी बसून कोणाला झाला असता, असे नाही. भीतीला आधारच नव्हता.

तेव्हा घरोघरी एवढे करावे. बंद खोली, गोदाम, माळा उघडल्यावर अर्धा तास हवा खेळू द्यावी. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण शिंपडून पाच मिनिटे थांबावे, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. धान्य झाकून ठेवावे, बिळे बुजवावीत. कष्टाच्या कामानंतर ताप आणि दम लागला तर 'साधा ताप' म्हणून अंगावर काढू नये. आपण काय काम करतो, कुठे करतो, हे डॉक्टरला सांगावे. डॉक्टर ते विचारत नसेल तर आपणहून सांगावे.

आणि सरकारकडे आमचे मागणे साधे आहे. जे हात शहरातले उंदीर उचलतात, त्या हातांना मोजे द्या. जे गटारात राबतात, त्यांची नियमित रक्ततपासणी करा. गोदामातल्या हमालाचा ताप कागदावर नोंदवा, कारण जो ताप नोंदला जात नाही, तो सरकारदरबारी झालेलाच नसतो. कंत्राटदाराच्या यादीत नाव नाही म्हणून कोणाची फुप्फुसे वेगळी होत नाहीत.

उद्या आपल्याकडे एखादा नवा रोग आला, आणि तो येणार, तर पहिले बोट कोणत्या वस्तीकडे वळेल हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा आम्ही दोनच गोष्टी विचारू. पुरावा कुठे आहे? आणि या वस्तीला पाणी कधी देणार?